राणीसाहेबांनी बेल दाबली

धुक्यातून आधी एक हातमोजा वर आला. मग दुसरा. मग एक पिवळी टोपी, आणि टोपीखाली धापा टाकणारं एक तोंड.

"तीन नंबर... ना?" त्या तोंडानं विचारलं.

"चार," मी म्हटलं.

त्यानं डोळे मिटले, शिडीच्या ओल्या लोखंडावर कपाळ टेकवलं आणि तसंच राहिलं. मला हसू फुटत होतं, पण मी ते गिळलं. पहिल्याच भेटीत हसलं की माणसं डोक्यावर बसतात.

"खाली फार धुकं आहे हो," तो म्हणाला. "तीन नंबरवर ओळख करून घ्यायला निघालो होतो, पण क्रेनच्या पायावरचे आकडेच दिसले नाहीत."

"वरही आहे. म्हणून तर हातावर हात ठेवून बसलेय."

"म्हणजे आता मी उतरायचं... आणि परत तीन नंबरवर चढायचं?"

"उडी मारून जाता आलं तर बघा. शेजारीच आहे."

त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. धुक्यात भिजलेल्या पापण्या, आणि त्या पापण्यांत चक्क मिस्कीलपणा. एवढ्या उंचीवर चुकीची शिडी चढून आलेल्या माणसाला मिस्कील असण्याचा काही हक्क नसतो. मी पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली, तीही जरा तोऱ्यातच.

"तुम्ही नवे रिलीफ ना?"

"हो. आणि तुम्ही राणीसाहेब."

ते नाव मला खालच्या माणसांनी दिलं होतं. आधी चिडवायला, नंतर सवयीनं. मी ते दोन्ही वेळा ऐटीत घेतलं. अख्ख्या बंदरात क्रेन चालवणारी मी एकटी बाई. उंच इमारतीएवढी ती क्रेन, तिच्या टोकाला माझी केबिन, पायाखाली जाड काच, आणि काचेखाली खेळण्यातल्यासारखी दिसणारी जहाजं, ट्रक आणि माणसं. दिवसभर मान खाली वाकवून, जहाजातले कंटेनर धक्क्यावर आणि धक्क्यावरचे जहाजात. हे काम मला येतं. नुसतं येत नाही, फार छान येतं. उगाच नम्रपणा कशाला?

आता रिलीफ म्हणजे कोण, ते सांगते. ज्याला स्वतःची क्रेन नाही असा ड्रायव्हर. कुणी रजेवर असलं तर त्याच्या खुर्चीत बसायचं. कुणी मध्येच थकलं आणि केबिनमधली लाल बेल दाबली, तर वर चढून त्याला थोडा वेळ मोकळं करायचं. नियम असा. पण ती बेल कुणी दाबायचंच नाही, हा त्याहून मोठा नियम होता. बेल क्रेनच्या पायथ्याशी अशी खणखणायची, की सगळा धक्का मान वर करून बघायचा. मग त्या ड्रायव्हरचं नाव कायमचं 'बेलवाला'. जुन्या लोकांनी बटणावर धूळ साचू दिली होती आणि त्या धुळीचा त्यांना अभिमान होता. माझ्या बटणावर धूळ नव्हती, कारण मी केबिन रोज पुसते. पण बोट मात्र कधी लागलं नव्हतं.

"तुम्हाला काही काम नसेल मग," मी म्हटलं. "इथे कुणी बेल दाबत नाही."

"कळलं ते. खाली बसून इतका चहा पितोय की आता चहावाल्यालाच माझी काळजी वाटायला लागलीय."

तो उतरायला लागला. टोपी धुक्यात बुडाली. मग खालून आवाज आला, "चार नंबर लक्षात ठेवतो हं!"

कसा ठेवतोय बघू, मी मनात म्हटलं. आणि मग मला जाणवलं की मी अजून शिडीकडेच बघत बसलेय.

दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. मी मांडीवर डबा उघडला आणि शिडी वाजली.

"आज धुकं नाहीये," मी म्हटलं.

"नाही ना. म्हणून तर बरोबर चार नंबरवर आलो."

"मी बेल दाबलेली नाही."

"माहीत आहे. मी हवा खायला आलोय."

"हवा खालीसुद्धा मिळते."

"तिला डिझेलचा वास येतो." तो केबिनच्या दारात, शिडीच्या शेवटच्या पायरीवर टेकला. केबिन इतकी ठेंगणी, की तिथे कुणालाच ताठ उभं राहता येत नाही. "एक सांगू? रागावू नका."

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"मी खालून बघत असतो. जेवणानंतर तुमची क्रेन मध्येच थबकते. एक श्वास घ्यावा एवढीच. मग पुन्हा चालते." तो थांबला. "तेव्हा तुम्ही मान दाबता ना?"

घास माझ्या हातातच राहिला. जन्मभर मी उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि हा पठ्ठ्या खाली बसून उंटावर नजर ठेवून होता!

"मान माझी आहे," मी म्हटलं.

"हो की. पण एकच आहे."

"तुम्हाला क्रेन चालवता तरी येते का? की नुसत्या शिड्याच चढता?"

"बघा की चालवून घेऊन."

हे आव्हान होतं. आव्हान आलं की माझं डोकं काम करत नाही, फक्त नाक वर जातं. "ठीक आहे," मी म्हटलं. "हा रिलीफ नाही, समजलं? ही परीक्षा आहे. मी घेतेय."

"हो, बाई," तो शाळेतल्या मुलासारखा म्हणाला.

मी डबा घेऊन बाहेरच्या जाळीच्या गॅलरीत बसले आणि तो माझ्या खुर्चीत. कंटेनर उचलला की झुलतो. तो झोका जिरवणं हीच आमची खरी विद्या. हात घाईचा असेल तर झोका वाढतो, भित्रा असेल तर थांबतच नाही. त्यानं दांडा असा हलवला, की कंटेनर उचलला गेला तो झोपलेलं मूल उचलावं तसा. ट्रकवर टेकला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. मी चावायची विसरले. पोटात सरळसरळ दुखलं, कारण एवढं हळुवार मलाही दर वेळी जमत नाही. आणि त्याच वेळी आत कुठेतरी फार बरं वाटलं. ते का, ते मला तेव्हा कळलं नाही.

"किती मार्क?" त्यानं मान वळवून विचारलं.

"पास."

"नुसता पास?"

"उद्या पुन्हा परीक्षा आहे."

मग परीक्षा रोजच व्हायला लागली. मी गॅलरीत बसून जेवायची, वारा केसांत शिरायचा, मान मागे टेकवून आकाश बघायची. इतकी वर्षं आकाशाच्या एवढ्या जवळ बसून मी ते कधी बघितलंच नव्हतं, सारखी खाली बघत होते. आत तो माझी क्रेन चालवायचा आणि तोंडही चालवायचा.

"सगळे तुला रिलीफ म्हणतात," एकदा मी म्हटलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं. "राग नाही येत? हे काय नाव झालं?"

"आमच्या घरी सगळा रिलीफच आहे. बाबा गुडघ्याला जे मलम चोळतात त्याच्या डबीवरही तेच लिहिलंय. आणि आई दगडात उठावाची चित्रं कोरते. त्यालाही रिलीफच म्हणतात."

"उठावाची म्हणजे?"

"सपाट दगडातून पुढे आलेली. एखादा चेहरा, एखादा हात. लोकांना वाटतं चेहरा पुढे आला. आई म्हणते, चेहरा होता तिथेच आहे. मागचा दगड मागे सरकला, म्हणून तो दिसला."

"म्हणजे तू मागे सरकणारा दगड?"

"हो. पण त्यालाही हात बसलेला लागतो हं. भलतीकडे सरकला तर चेहऱ्याचं नाकच जातं." त्यानं माझ्याकडे बघितलं. "आणि काही नाकं... जपण्यासारखी असतात."

"कंटेनरकडे लक्ष दे," मी म्हटलं. कान तापले होते. नशीब, वारा होता.

"आणि स्वतःची क्रेन नको का तुला?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"कशाला? तुझी एक आहे. माझ्या सगळ्या."

हे तो अशा रुबाबात म्हणाला, की मला पहिल्यांदाच माझ्या तोडीचा गर्विष्ठ माणूस भेटला असं वाटलं. फरक एवढाच, की त्याचा गर्व कुणाच्या पायात येत नव्हता.

घरी मात्र यातलं मी काही बोलले नव्हते. माझे बाबा याच बंदरावरचे जुने क्रेन ड्रायव्हर. आता निवृत्त. त्यांना कुणाकडे बघायचं असलं की ते नुसती मान वळवत नाहीत, अख्खे वळतात. खुर्चीत असले तर खुर्चीसकट. आई म्हणते, "जन्मभर मान ताठ ठेवली, आता ती वाकायलाच तयार नाही." इतर घरांत मुलगी कामावरून आली की विचारतात, जेवलीस का. बाबा विचारायचे, "बेल?"

"हात लावला नाही, बाबा."

मग त्यांचा चेहरा असा काही खुलायचा, की त्या एका चेहऱ्यासाठी मी रोज मान मोडून घेतली असती. घेतच होते म्हणा. रात्री आई गरम पाण्याची पिशवी आणायची, अर्धा वेळ बाबांच्या मानेला, अर्धा माझ्या. "वारसा चालवतेय पोरगी," ती पुटपुटायची. बाबांना ते कौतुक वाटायचं.

आणि मग धक्क्यावर कुजबुज सुरू झाली. सुरू होणारच होती. रिलीफ दुपारी कुठे असतो? चार नंबरवर. काल? चार नंबरवर. खालून केबिनमध्ये कोण बसलंय ते दिसत नाही, पण शिडी चढणारा माणूस सगळ्यांना दिसतो.

सुपरवायझरनं मला बोलावलं. माणूस तसा वाईट नव्हता, पण मी आल्या दिवसापासून तो 'बघू किती दिवस टिकतात' या एका वाक्यावर अडून होता.

"राणीसाहेब, रोज आराम लागत असेल तर स्पष्ट सांगा," तो म्हणाला. "खाली ऑफिसात टेबल रिकामं आहे. पंखा आहे, खुर्चीला पाठ आहे. ज्यांना पूर्ण पाळी एकट्यानं झेपत नाही त्यांना मी खाली घेणार आहे. सुरुवात कुणापासून तरी करावीच लागते."

"मला झेपतं," मी म्हटलं.

"झेपलंच पाहिजे. बेल वाजली की टेबल तुमचं."

मी तडक वर गेले. तो आला तेव्हा मी खुर्चीतून उठले नाही.

"आज परीक्षा नाही?" त्यानं विचारलं.

"नाही. उद्याही नाही. येऊ नकोस."

"कुणी काही बोललं का?"

"मला माझी खुर्ची प्रिय आहे. दुसरं काही नाही."

"दुसरं काहीच नाही?" त्यानं हळूच विचारलं.

मी काचेतून खाली बघत राहिले. खाली बघण्यासारखं काहीही नव्हतं... एक रिकामा ट्रक, आणि त्याच्या सावलीत झोपलेलं कुत्रं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी खालीच आहे. बेल दाबलीस तर येईन. नाही दाबलीस तर येणार नाही. तुझा शब्द मोडून वर येण्याएवढा मीही स्वस्त नाही."

तो गेला. शिडी किती वेळ वाजत होती! मी डबा उघडलाच नाही.

त्यानंतर आठवडाभरात एक जहाज आलं. पलीकडच्या किनाऱ्यावर नदीनं गावंच्या गावं बुडवली होती. तंबू, औषधं, घोंगड्या, पिण्याचं पाणी, सगळा मदतीचा माल तिकडे न्यायचा होता. कंटेनरांवर मोठ्या अक्षरांत 'रिलीफ' रंगवलेलं. वादळ येत होतं. संध्याकाळी बंदराचं तोंड बंद होणार होतं, त्याआधी जहाज भरून निघायला हवं होतं. नाहीतर ती माणसं आणखी किती दिवस छपरांवर बसून राहणार, कुणाला ठाऊक.

सगळ्या क्रेन कामाला लागल्या. मीही लागले. आज आपण उचलतोय ते काही परदेशी फर्निचर नाही, हे मनात होतं आणि ऊर अभिमानानं भरून आला होता. सकाळ छान गेली. दुपारी मानेत ओळखीची कळ उठली. मी एक श्वास थबकले, पुन्हा चालले. मग पुन्हा थबकले. मग उजव्या हाताला मुंग्या आल्या.

कंटेनर हवेत होता. खाली हुक लावणारी माणसं, पिवळ्या टोप्या, वर न बघता काम करणारी. ती वर बघत नव्हती, कारण वर मी होते. माझ्यावर त्यांचा भरवसा होता. मी हात मुठीत आवळला आणि सोडला. बोटं माझी वाटतच नव्हती. डावा हात उजव्यावर ठेवून, दातांवर दात दाबून, मी तो कंटेनर जहाजात टेकवला. टेकला. पण आवाज झाला. माझ्याकडून असा आवाज कधी होत नाही.

पुढचा उचलायचा होता. वॉकी-टॉकीवर सुपरवायझर ओरडत होता, "चार नंबर, चला, चला!"

चार नंबर बसून होती. समोर लाल बटण. बाबांचा चेहरा. रिकामं टेबल, पंखा, पाठ असलेली खुर्ची. 'बेलवाली'. आणि खाली त्या पिवळ्या टोप्या.

मला गर्व कशाचा होता? क्रेन चांगली चालवते याचा. मग आता, या हातानं, मी ती चांगली चालवू शकत होते का? नव्हते. इतकं साधं होतं ते. मी डाव्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबलं.

बाई गं, काय आवाज तो! वाऱ्यावरसुद्धा ऐकू गेला. सगळा धक्का थांबला. सगळ्या टोप्या वर झाल्या. मी काचेतून त्यांच्याकडे बघत राहिले. तोंड लपवायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

शिडी वाजली. इतक्या वेगानं ती कधीच वाजली नव्हती. त्याचं तोंड दारात आलं, लालबुंद, घामानं निथळलेलं.

"कुठला हात?" त्यानं एवढंच विचारलं.

"उजवा."

"ऊठ."

मी उठले, तो बसला, आणि कंटेनर हवेत गेला, झोका न घेता. मी गॅलरीत उभी राहून रडले. हो, रडले. रागानं, दुखण्यानं, आणि कशाकशानं. वॉकी माझ्या कमरेला होता.

"चार नंबर! बेल तुमची का?" सुपरवायझर.

मी नाक पुसलं. "हो, माझी. हाताला मुंग्या आल्यात. रिलीफ बसलाय. हात ठीक झाला की मी परत बसेन. काम थांबलेलं नाही, बघा वर."

मग एक बेल खणखणली. मला वाटलं माझीच अडकली. पण ती शेजारची होती, तीन नंबरची. तिथे आमचे एक काका होते, बाबांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या बटणावर धुळीचा थर होता.

वॉकीवर काकांचा आवाज आला, जरासा लाजलेला. "माझी पण मान गेलीय रे सकाळपासून. पोरीनं दाबली म्हणून म्हटलं... कुणाला तरी पाठवा."

मग दोन नंबर खणखणली. मग एक नंबर.

"अरे, काय चाललंय काय!" सुपरवायझर किंचाळला. "रिलीफ एकच आहे माझ्याकडे!"

एवढे राकट गडी! वर्षानुवर्षं एकेकटे बसून माना दाबत होते आणि बटणाची धूळ मिरवत होते. मला रडता रडता हसू फुटलं. आतून तो ओरडला, "एक बटण दाबलंस आणि माझा जीव घेतलास की गं! आता चार शिड्या!"

"तर मग बोलत काय बसलायस?" मी हात झटकला. बोटं परत आली होती, दुखत होती, पण माझी होती. "हा कंटेनर ठेव आणि काकांकडे जा. मी बसते. मग फिरून माझ्याकडे ये."

"म्हणजे पुन्हा बोलावतेस?"

"बोलावतेय. काकांनंतर."

त्या दुपारी आम्ही आळीपाळीनं काम केलं. तो काकांकडे, मग दोन नंबरकडे, मग माझ्याकडे. काका थोडे सावरले तर तेच एक नंबरवर गेले. कुणीही मेल्यासारखा दमला नाही, आणि कुणाच्याही हातून आवाज झाला नाही. वारा सुटायच्या आत जहाज भरलं. ते भोंगा देऊन निघालं तेव्हा धक्क्यावरची सगळी माणसं हात हलवत होती. मीही वरून हलवला, उजवाच.

खाली उतरले तर सुपरवायझर शिडीशी उभा. मी हनुवटी वर केली. "टेबल कुठंय?"

त्यानं डोकं खाजवलं. "सगळ्यांनाच टेबल द्यायला माझं ऑफिस काय मंगल कार्यालय आहे? जा घरी. उद्यापासून रिलीफ वाढवतोय. आणि त्या... बेलचा आवाज जरा कमी करून घेतो."

तेवढ्यात दोन नंबरच्या शिडीवरून तो उतरला आणि माझ्याकडे चालत आला. जवळ आला. आणखी जवळ आला. मी बघतच राहिले. इतके दिवस आम्ही फक्त वर भेटलो होतो, बसून, वाकून, शिडीवर टेकून. जमिनीवर शेजारी उभे असे आज पहिल्यांदाच.

"तू बुटका आहेस!" मी म्हटलं.

"आणि तू ताडमाड आहेस. हे वर कुणी सांगितलं नाही."

"माझ्या खांद्याला लागतोस."

"कानाला," तो ठामपणे म्हणाला. "मोजून घे हवं तर."

"माझ्या घरची माणसं ताठ आहेत. त्यांना वाटेल, हिला एवढाच मिळाला."

तो हसायचा थांबला. "कुणाला... काय मिळाला?"

झालं. बोलून बसले होते. पण एकदा कंटेनर उचलला की तो हवेत लटकवून ठेवायचा नसतो. "हे बघ," मी म्हटलं. "मी कुणापुढे हात पसरत नाही. आज आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी बोलावलं, आणि तू आलास. धावत आलास. आणि मला उठवून बसलास ते खुर्ची बळकावायला नाही, परत द्यायला. मला तू आवडतोस. फार आवडतोस. आता तुझं काय ते सांग, लवकर, माझी मान दुखतेय."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ओठांवर तो मिस्कीलपणा. "मी तर त्या धुक्याच्या दिवशीच प्रेमात पडलो. अशी शिडी चुकावी म्हणून लोक नवस करतात... पण तू आधी बोललीस, म्हणजे मानाची सुपारी तुझीच."

"माझीच. चल घरी."

"आत्ता? या कपड्यांत?"

"मी काय वाजतगाजत नेणार आहे?"

बाबा दारातच होते. बातमी आमच्या आधी पोचली होती, काकांनी फोन केला असणार. आज त्यांनी 'बेल?' असं विचारलं नाही. मीच म्हटलं, "दाबली, बाबा."

मग अख्खे वळून त्यांनी माझ्यामागे उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहिलं, टोपीपासून बुटांपर्यंत. "तुमची क्रेन कुठली?"

तो तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोलले. आवाज कापत नव्हता. इतक्या अभिमानानं मी आजवर स्वतःबद्दलही काही सांगितलं नसेल.

"त्याला क्रेन नाही, बाबा. तो रिलीफ आहे. माझ्यासारख्या हट्टी माणसांना धड अंगानं घरी पाठवतो."

आई आतून येऊन चौकटीला टेकली. बाबांचा हात आपोआप मानेकडे गेला.

"आमच्या वेळीही एक होता," ते हळूच म्हणाले. "चांगला मुलगा होता. रोज खालून हाक मारायचा, येऊ का म्हणून. मी कधी वर येऊ दिला नाही त्याला."

मग बाबा दारातून बाजूला झाले, आत जायला वाट करून देत.

"तुम्ही या," ते त्याला म्हणाले. "आत या. बसा."